जपानचा जेट प्रोग्रॅम: मुदत पाच वर्षांची, मुक्काम किती?

आधी निकाल सांगून टाकू. परदेशी जाऊन इंग्रजी शिकवण्याच्या ज्या सरकारी योजना आहेत, त्यांत जपानचा जेट प्रोग्रॅम कागदावर सगळ्यांत भक्कम. पगार तारखेला, आरोग्यविमा आणि पेन्शन कायद्याप्रमाणे, जाण्याचं विमानभाडं त्यांचं आणि करार पुरा केला तर परतीचंही त्यांचंच. करार एका वर्षाचा, वाढवत वाढवत कमाल पाच वर्षं. तरी पाचवं वर्ष बघणारे थोडे. बहुतेकांचा मुक्काम एक ते तीन वर्षांत आटोपतो.

त्याचं खापर थंडीवर, भाषेवर, एकटेपणावर फुटतं. ही कारणं खोटी नाहीत, पण माणसं ती सोसतात. घोडं पेंड खातं ते वर्षाच्या वेळापत्रकात: कोणता कागद कोणत्या महिन्यात पुढ्यात येतो, यात. म्हणून हे परीक्षण सोयींची यादी देत नाही, महिन्यांच्या हिशेबाने जातं.

योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या तुकडीत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतले ८४८ जण होते. तीन मंत्रालयं आणि क्लेअर ही संस्था मिळून ती चालवतात, पण तुमचा खरा मालक म्हणजे ज्या जिल्ह्यात, शहरात किंवा गावात नेमणूक होईल तिथलं शिक्षण मंडळ. दहातले नऊ जण ‘एएलटी’, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. पदवी कुठलीही चालते, बी.एड. लागत नाही. भारतातले अर्ज जपानी दूतावासामार्फत जातात आणि जागा फारच थोड्या असतात, त्यामुळे जाहिरात निघाली की नाही हे शरद ऋतूत दूतावासाच्या संकेतस्थळावर बघत राहावं लागतं. मुलाखती हिवाळ्यात, निकाल वसंतात, विमान जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये. जागेची पसंती कळवता येते, तिची हमी नसते. तोक्यो लिहिणाऱ्याला आकिता मिळू शकतं, आणि एकदा मिळालं की बदली जवळजवळ नाहीच.

पगाराबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षी ४० लाख २० हजार येन, दुसऱ्या वर्षी ४१ लाख ४० हजार, तिसऱ्या वर्षी ४२ लाख ६० हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी ४३ लाख २० हजार. महिन्याला ३ लाख ३५ हजार पडतात, त्यातून पेन्शनचे ९.१५ टक्के, आरोग्यविम्याचे पाच टक्क्यांच्या आसपास, थोडा बेरोजगारी विमा आणि आयकर वजा जाऊन हातात पावणेतीन लाखांच्या आगेमागे राहतात. एका येनला साधारण ५५ ते ६० पैसे धरून रुपयांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. खेड्यात भाडं कमी, खर्चायला दुकानंही कमी, त्यामुळे पैसे उरतात. या आकड्यांत एक गोष्ट मात्र नीट पाहा: तिसऱ्या वर्षापर्यंत दरसाल १ लाख २० हजारांची वाढ आहे, चौथ्या वर्षी ती निम्मी होते आणि पाचव्या वर्षी शून्य. थांबायचं कारण पगारपत्रकच हळूहळू काढून घेतं.

आता वर्ष कसं जातं ते बघू. ऑगस्टमध्ये तोक्योत दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, मग आपापल्या जिल्ह्यात रवानगी. त्या वेळी शाळेला सुट्टी असते, पण एएलटीला नसते. आठवड्याचे ३५ तास भरायचे म्हणून रिकाम्या शिक्षककक्षात टेबलाशी बसून राहायचं. पहिला पगार हातात यायला तीन ते चार आठवडे लागतात, आणि त्याआधी घराची अनामत, मालकाला द्यायचं परत न मिळणारं ‘रेइकिन’, पहिल्या महिन्याचं भाडं, गॅस, इंटरनेट, गादी असं एकदम अंगावर येतं. अडीच ते तीन लाख येन सोबत नेले तर निभतं. शिक्षकांचं सरकारी घर मिळालं तर यातलं बरंच वाचतं, पण ते घर कसलं असतं ते पुढे येईलच.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा मधुचंद्र. क्रीडादिन, संस्कृतिमहोत्सव, सुखद हवा, नवलाई. या तीन महिन्यांत विचारलं तर प्रत्येक जण पाच वर्षं राहीन म्हणेल.

पण विचारतात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. पुढच्या ऑगस्टपासूनचा करार हवा की नको, हा फॉर्म नेमका तेव्हा येतो, आणि तेव्हा घरात काय परिस्थिती असते हे आपल्याकडच्या माणसाला कळणं अवघड आहे. जपानी खेड्यातल्या जुन्या घराला इन्सुलेशन नसतं, खिडकीला एकेरी काच, तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांच्या, खालून वारा. घरभर उष्णता ही कल्पनाच नाही; ज्या खोलीत बसाल ती तापवायची. साधन म्हणजे रॉकेलचा फॅन हीटर. रॉकेल १८ लिटरच्या डब्यात आणायचं, डबा दोन हजार येनच्या पुढे भरतो. डब्याचा रंगही जागेप्रमाणे बदलतो, पूर्व जपानात लाल आणि पश्चिमेत निळा. हीटर चालू असताना तासातून एकदा दोन मिनिटं खिडकी उघडावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साठतो. मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल ओतलं की हीटर पेटत नाही किंवा वास मारत विझतो. पिवळट दिसलं तर पेट्रोल पंपावर परत द्यायचं, आणि आधीच्या भाडेकरूने डबा ‘भेट’ ठेवला असेल तर तो हमखास असला असतो. होक्काइदो, तोहोकू, नागानो या भागांत रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर नळातलं पाणी काढून टाकावं लागतं: मुख्य झडप बंद, मग सगळे नळ उघडे. हे विसरलं की नळ फुटतो आणि दुरुस्तीचं बिल बऱ्याचदा भाडेकरूवर येतं. जपानच्या समुद्राकडची बाजू, म्हणजे नीगाता, यामागाता, आकिता, बर्फासाठीच ओळखली जाते; तिथे सकाळी शाळेला जाण्याआधी गाडी उकरून काढणं हे वेगळं काम.

अशा घरात, पहाटे सहा अंशांच्या स्वयंपाकघरात उभं राहून पुढच्या दीड वर्षाचा निर्णय द्यायचा. हाच फॉर्म मे महिन्यात आला असता, तर पहिल्या वर्षाअखेर परतणाऱ्यांतले बरेच जण थांबले असते असं आमचं स्पष्ट मत आहे. शिक्षण मंडळाचीही अडचण खरी आहे; नवी मागणी वर कळवायची तर त्यांना फेब्रुवारीतच आकडा हवा असतो. पण त्या अडचणीची किंमत शिक्षक मोजतो.

थांबायचं ठरवणाऱ्यालाही दगाफटका आहेच. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सरकारी शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेर जाहीर होतात. तुम्ही फेब्रुवारीत सही करता ती ज्या मुख्याध्यापकाकडे, ज्या इंग्रजीच्या शिक्षकाकडे आणि मंडळातल्या ज्या समन्वयकाकडे बघून, ती माणसं सहा आठवड्यांनी दुसऱ्या गावी गेलेली असू शकतात. एएलटीच्या कामाचा दर्जा जवळपास पूर्णपणे सोबतच्या शिक्षकावर ठरतो. त्यामुळे हा प्रकार घर न बघता भाडेकरार करण्यासारखाच. अनुभवी लोक जानेवारीतच समन्वयकाला एक साधा प्रश्न विचारतात: ‘तुम्ही या जागेवर किती वर्षं आहात?’ तीन किंवा जास्त असं उत्तर आलं तर बदली जवळ आली असं धरून चालायचं.

वर्गातलं काम काय, तेही सांगायला हवं. २०२० पासून प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण असलेला विषय झाला, वर्षाला ७० तासिका. तिसरी-चौथीला ३५ तासिका, त्या खेळ-गाण्यांच्या. प्राथमिकची तासिका ४५ मिनिटांची, वरची ५० मिनिटांची. जपानी शिक्षकाकडे परवाना आहे, एएलटीकडे नाही, म्हणून वर्ग नावाला तरी त्याचाच. प्रत्यक्षात दोन टोकं दिसतात. एका टोकाला एएलटी म्हणजे जिवंत टेपरेकॉर्डर: ‘आता सर वाचतील, तुम्ही मागून म्हणा’. दुसऱ्या टोकाला प्राथमिकचा वर्गशिक्षक इंग्रजीला घाबरून सगळा तास तुमच्यावर सोपवतो. दुसरं टोक दमवतं, पण माणसं सोडून जातात ती पहिल्या टोकामुळे. ज्यांनी आपल्याकडे वर्ग स्वतः चालवला आहे, त्यांना हे जास्त बोचतं. म्हणून एक उफराटा सल्ला: मुरलेल्या शिक्षकाने इथे दोन वर्षांपेक्षा जास्तीचा हिशेब करूच नये. ताज्या पदवीधराला मात्र तीन वर्षांत शिकण्यासारखं बरंच आहे.

शाळांची संख्या विचारायला विसरू नका. एका शाळेत रोज जाणारा एएलटी आणि आठ-दहा शाळांत फिरणारा एएलटी यांचा पगार तोच असतो. फिरत्याला मुलांची नावं कधी पाठ होत नाहीत, शिक्षककक्षात स्वतःचं टेबल नसतं, आणि तीच ओळख करून देण्याची तासिका तो वर्षातून वीस वेळा घेतो.

इथे एक आडवळण. जपानमध्ये दुर्गम भागातल्या शाळांसाठी १९५४ पासून कायदा आहे आणि तिथे नेमलेल्या जपानी शिक्षकांना मूळ पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत दुर्गम भत्ता मिळू शकतो. जेटच्या शिक्षकाला पगार सगळीकडे सारखाच, मग तो ओसाकाच्या उपनगरात असो की ओकी बेटावर. आपल्या जिल्हा परिषदेच्या बदली धोरणातही अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की पसंतीच्या बदलीचा हक्क मिळतो. कठीण जागी माणूस टिकवायचा तर एक पैसे तरी द्या किंवा सुटकेची तारीख तरी द्या, एवढं दोन्हीकडच्या सरकारांना कळलेलं आहे. जेटमध्ये कठीण जागेसाठी यातलं काहीच नाही, आणि ही या योजनेतली सगळ्यांत मोठी त्रुटी.

बेटांवरच्या नेमणुकांचं गणित आणखी वेगळं. नागासाकी जिल्ह्यात जपानातली सर्वाधिक बेटं आहेत. त्सुशिमा, इकी, गोतो इथे शाळा आहेत आणि एएलटीही. वादळ आलं की बोट बंद, बोट बंद की दुकानातला पाव आणि दूध संपतं, आणि दोन-तीन दिवस तसंच चालतं. यात धोका नाही, फक्त आधीच डबे भरून ठेवायची सवय लागते. कोकणात पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घरातल्या माणसाला हे नवं नाही. किनाऱ्यावरच्या गावात गेलात तर पहिल्याच आठवड्यात त्सुनामीच्या वेळी चढायची टेकडी पायी चालून बघा, नकाशावर नको. २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकी आणि रिकुझेनताकाता इथे नेमलेले दोन जेट शिक्षक गेले.

जेवणाला पाचपैकी दोन गुण, आणि शाकाहारी असाल तर एक. शाळेचं जेवण ‘क्यूशोकु’ मुलांच्या बरोबरीने वर्गात बसून खायचं असतं आणि तीनएकशे येनमध्ये ते उत्तमच असतं. पण बोनितो माशाचा अर्क, म्हणजे ‘कात्सुओ दाशी’, आमटीपासून पालकाच्या भाजीपर्यंत सगळ्यात असतो. ‘मी मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही, कारण मासा मांसात धरत नाहीत आणि दाशी माशात धरत नाहीत. मांस, मासे, अंडं आणि कात्सुओ दाशी हे चार शब्द जपानीत लिहून शिक्षण मंडळाला विमानात बसण्यापूर्वी कळवा आणि क्यूशोकु बंद करून डबा आणायची परवानगी मागा. महिन्याच्या मध्येच बंद करता येत नाही, कारण पैसे आणि पुरवठा आधीच ठरलेला असतो. तूरडाळ, पोहे, गोडा मसाल्याचं खडं सामान भारतीय आणि नेपाळी दुकानांतून टपालाने येतं, खेड्यातसुद्धा.

मिक्सर मात्र नेऊ नका. जपानची वीज १०० व्होल्टची. आपला ७५० वॉटचा मिक्सर तिच्यावर कण्हत फिरतो आणि भिजवलेल्या डाळीत अडकून मोटर तापते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मोटरला सुरू होताना जास्त विजेची ओढ लागते म्हणून तो १५०० वॉटचा तरी हवा, आणि भिंतीतल्या एका सॉकेटची मर्यादाही तेवढीच असते. म्हणजे त्याच सॉकेटवर दुसरं काही लावायचं नाही. त्यापेक्षा तिथलाच ग्राइंडर घ्यावा. कुकर नेलात तर स्टीलचा न्या. घरात इंडक्शनची शेगडी निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर शोभेला ठेवावा लागेल. गॅसची शेगडी विकत घेताना घरात प्रोपेन आहे की शहरी गॅस ते पाहा; दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि अदलाबदल धोक्याची.

आता दुसरं वर्ष, खरी परीक्षा. तीन बिलं या वर्षात एकामागून एक येतात आणि पहिल्या वर्षी त्यांची चाहूलही लागत नाही.

पहिलं, गाडीचा परवाना. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे पहिलं वर्ष मजेत जातं. पण तो उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि त्याची स्वतःची मुदतही वर्षाचीच. मे महिन्यात काढून ठेवलात तर तीन महिने फुकट जातात. तिकीट आल्यावर जुलैमध्ये काढा. त्यानंतर भारतीय परवान्याचं जपानी परवान्यात रूपांतर करायला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा १० प्रश्नांवरून ५० वर गेली आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत पहिल्या फेरीत नापास होणं ही रीतच समजा. मान वळवून आरसे बघितले नाहीत, वळताना कडेला पुरेसं चिकटलं नाही, एवढ्यावर काढतात. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, वेळ कामाच्या दिवशी, म्हणजे प्रत्येक फेरीला एक रजा. शिवाय परवाना मिळाल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचं दाखवावं लागतं, म्हणून जुना पासपोर्ट सोबत ठेवा. डिसेंबरपूर्वी हे सुरू केलं नाही तर पुढच्या ऑगस्टमध्ये गाडी दारात आणि मालक सायकलवर.

दुसरं, ‘शाकेन’, म्हणजे गाडीची दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी. विमा, वजनकर आणि दुरुस्ती मिळून लाख येनच्या आसपास जाते, जुन्या गाडीला त्याहून जास्त. परतणारा शिक्षक आपली ६६० सीसीची जुनी गाडी नव्याला स्वस्तात विकतो, तेव्हा बऱ्याचदा शाकेन दोन-चार महिन्यांवर आलेली असते. तीस हजारांची गाडी मग सव्वा लाखाला पडते. बर्फाच्या भागात हिवाळी टायरचा संच गाडीसोबत येतो का, तेही आधी विचारा.

तिसरं, रहिवासी कर. हा करपात्र रकमेच्या साधारण १० टक्के असतो, पण मागच्या कॅलेंडर वर्षाच्या उत्पन्नावर आणि जूनपासून पुढे. पहिल्या जूनमध्ये फक्त पाच महिन्यांच्या पगारावर लागतो, म्हणून जाणवत नाही. दुसऱ्या जूनपासून पूर्ण वर्षाचा लागतो, म्हणजे महिन्याला पंधरा हजार येनच्या आसपास. पगार दहा हजारांनी वाढला आणि हातात येणारी रक्कम घटली, हा प्रकार तेव्हाचा. आणि खरी मेख जाताना आहे: १ जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी असाल तर त्या वर्षीचा अख्खा कर तुमच्या नावावर पडतो. ऑगस्टमध्ये निघताना उरलेले दहा महिने एकदम भरावे लागतात. शेवटच्या पगारातून दीड लाख येन बाजूला ठेवले नाहीत तर दुष्काळात तेरावा महिना.

सोडण्याच्या तारखेवरून पेन्शनची रक्कमही ठरते, आणि हा भाग सगळ्यांत कमी लोकांना माहीत असतो. जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत भरलेल्या पेन्शनपैकी काही रक्कम एकरकमी मागता येते. ती सरासरी मासिक पगाराला एका गुणकाने गुणून काढतात आणि हा गुणक सहा-सहा महिन्यांच्या पायऱ्यांनी चढतो: १२ महिन्यांना १.१, २४ ला २.२, ३६ ला ३.३, ६० ला ५.५, आणि तिथे संपतो. तीन वर्षं पुरी करणाऱ्याला अकरा लाख येनच्या वर बसतात. पण मधल्या महिन्यांना किंमत नाही. पहिल्याच वर्षी जूनच्या मध्यात कंटाळून निघालात तर मोजले जातात दहा महिने, म्हणजे गुणक अवघा ०.५, आणखी सहा-सात आठवडे काढले असते तर १.१ मिळाला असता. फरक दोन लाख येनचा, शिवाय परतीचं तिकीट गेलं ते वेगळंच. या रकमेतून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मिळवायचा तर निघण्यापूर्वी जपानमध्ये राहणाऱ्या कुणाला तरी करप्रतिनिधी म्हणून कर कार्यालयात नोंदवा. रहिवासी कराची शेवटची पावतीही तोच भरू शकतो. भारत आणि जपानमध्ये ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. एकरकमी रक्कम उचलली की तो काळ पुढे पेन्शनच्या पात्रतेत धरला जात नाही, हे ध्यानात ठेवून ठरवावं.

इतर ठिकाणांशी तुलना केली की मुदत माणसाला कशी धरून ठेवते ते स्पष्ट होतं. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक योजनेचा करार पहिल्यापासून २७ महिन्यांचा: तीन महिने स्थानिक कुटुंबात राहून भाषा शिकायची, मग दोन वर्षं काम. १९६१ साली पहिली तुकडी घानाला गेली ती शिक्षकांचीच. मानधन तुटपुंजं आणि जागा जेटपेक्षा कितीतरी खडतर, तरी दर हिवाळ्यात ‘राहू की जाऊ’ हा प्रश्न तिथे उपटत नाही. ती योजना फक्त अमेरिकनांसाठी आहे. पण आधी भाषा आणि मग नेमणूक हा क्रम जेटने उचलावा असा आहे.

कोरियात कायद्यानेच दर पूर्ण वर्षाला एक महिन्याचा पगार निवृत्तिलाभ म्हणून द्यावा लागतो, वर्ष पुरं झालं तरच. त्यामुळे शिक्षक बारावा महिना कसाही काढतो, आणि काही खासगी शिकवण्यांचे मालक त्याला अकराव्या महिन्यात काढतात. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांच्या व्हिसाची तरतूद आहे, पण पदवीबरोबर शिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, इथे बी.एड. कामी येतं.

सौदीत तर मुक्कामाच्या पायऱ्या कायद्यातच कोरलेल्या आहेत. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दरवर्षी पूर्ण महिन्याचा. पण स्वतःहून राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. साहजिकच तिथे माणसं दोन वर्षं, पाच वर्षं अशा टप्प्यांवर उड्या मारतात. जेटमध्ये बारा महिन्यांची पायरी पेन्शनच्या तक्त्यात लपलेली आहे. ती कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ती कुणाला धरूनही ठेवत नाही.

जपानमध्येच शाळांना एएलटी पुरवणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. जेट मिळालं नाही म्हणून तिकडे वळणाऱ्यांनी करारातले तीन आकडे बघावेत: आठवड्याचे तास, ऑगस्ट आणि डिसेंबरचा पगार, आणि विम्यात कोणाचा वाटा किती. २९.५ तासांचे करार पूर्वी विमा टाळण्यासाठी असत. ऑक्टोबर २०२४ पासून ५० हून अधिक कामगार असलेल्या कंपनीला २० तासांवरच्यांचाही सामाजिक विमा भरावा लागतो, तेव्हा ‘तुमचे तास कमी आहेत’ हे कारण ऐकून घेऊ नका. सुट्टीच्या महिन्यांत पगार कापला जात असेल तर वार्षिक आकडा बाराने भागून फसू नका. परतीचं तिकीट नसतंच. जेटला पर्याय म्हणून याला पाचपैकी दीड. वर्षभर जपान बघायचं असेल तर ठीक.

जेट कुणासाठी? एकटा, विशी-पंचविशीतला, ताजा पदवीधर, गाडी चालवता येणारा, स्वतःचा स्वयंपाक करणारा, जपानी शिकायची इच्छा असलेला: तीन वर्षांसाठी पाचपैकी साडेचार. सहकुटुंब जाणाऱ्याला तीन, आणि तेही जोडीदाराला जपानी येत असेल तर, कारण खेड्यात त्याला काम मिळत नाही आणि दिवस फार मोठा असतो. अनुभवी शिक्षकाला अडीच. चौथ्या-पाचव्या वर्षासाठी थांबायचं एकच पटण्यासारखं कारण आहे: त्या काळात जपानीची एन-टू किंवा एन-वन ही सगळ्यांत वरच्या दोन पातळ्यांची परीक्षा देऊन तिथेच दुसरी नोकरी धरायची असेल तर. नुसतंच राहायचं म्हणून राहिलात तर पाचव्या वर्षाअखेर हातात ‘सहायक’ एवढंच पद असतं.

नेमणूक कळल्यावर, साधारण मे-जूनमध्ये, तिथे आधी असलेल्या शिक्षकाचा ईमेल मिळतो. बहुतेक जण त्याला गावाबद्दल विचारतात. त्याऐवजी हे विचारा: किती शाळा, आणि सगळ्यांत लांबची किती किलोमीटरवर? कामासाठी गाडी चालवायला मंडळाची परवानगी आहे का? आजारपणाची वेगळी रजा आहे की ‘नेंक्यू’तूनच, म्हणजे वार्षिक भरपगारी रजेतूनच, कापतात? गाडीची शाकेन कोणत्या महिन्यात संपते? गॅस कोणता? हिवाळ्यात पाणी काढावं लागतं का, आणि झडप कुठे आहे? इंग्रजीचे शिक्षक या शाळेत किती वर्षं झाले? आणि शेवटी, तुम्ही का जाताय? उत्तरात ‘घर छान आहे’ एवढंच आलं तर खिडक्यांचे फोटो मागवा.